तहसीलदार साहेब की न्यायाधीश? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या पाच वर्षांवर मजकूर होता. कायदे करणारे, कारभार चालवणारे आणि न्याय देणारे हे तीन हात एकमेकांपासून कसे वेगळे होत गेले, हा त्याचा विषय. त्यावर पारोळ्यापासून धडगावपर्यंत पत्रे आली. निम्मी पत्रे दिल्लीबद्दल होती, निम्मी तालुक्याच्या कचेरीबद्दल. दोन्हींचा संबंध आहे, म्हणून ती मिसळूनच घेतली आहेत.

प्रश्न (पारोळा): तहसीलदारनी आमना वावरना रस्ताना निकाल दिधा. हाऊ माणूस साहेब शे का जज शे? नि निकाल मान्य नही व्हई तं कोठे जावानं?

दादा, तहसीलदारांच्या दालनाबाहेरची पाटी नीट वाचा. ‘तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी’ असे लिहिलेले असते. त्या ‘तथा’ शब्दात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. एकाच खुर्चीला दोन कामे जोडलेली आहेत, आणि कोणत्या कायद्याखाली तो माणूस बसला आहे त्यावर तो त्या वेळी कोण हे ठरते.

इंग्रजी अमलात कलेक्टर सारा वसूल करी, पोलिसांवर देखरेख ठेवी आणि जिल्ह्याचा मुख्य मॅजिस्ट्रेटही तोच असे. त्याच्या हाताखालचा मामलेदारही फौजदारी खटले चालवी. खटला उभा करणारा आणि शिक्षा देणारा एकाच कचेरीतला, ही तक्रार काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून होती. संविधानाच्या ५०व्या अनुच्छेदाने राज्यांना सांगितले की न्यायदान कारभारापासून वेगळे करा. मूळ प्रस्तावात त्याला तीन वर्षांची मुदत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ती मुदत डॉ. आंबेडकरांनीच काढून घेतली, कारण नुकत्याच सामील झालेल्या संस्थानांत तेवढ्या वेळात ते जमणारे नव्हते. मुंबई राज्याने मात्र १९५१ मध्येच त्यासाठी कायदा केला आणि १ जुलै १९५३ पासून तो लागू झाला. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई राज्यात होते. त्या दिवसापासून चोरी, मारामारी, फसवणूक असे खटले चालवणारा मॅजिस्ट्रेट उच्च न्यायालयाच्या हाताखाली गेला. शांतता राखण्याची कामे महसुली अधिकाऱ्यांकडे राहिली. देशभर हीच वाटणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केली आणि ती १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली.

शेतरस्ता मात्र फौजदारी काम नाही. त्याचे दोन कायदे आहेत आणि निम्मी प्रकरणे इथेच फसतात. पूर्वीपासून वापरात असलेला रस्ता कोणी नांगरून टाकला, काटे लावले, चारी खोदली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. अर्जात दोन्ही कलमे एकत्र घातली, किंवा जुना रस्ता अडवलेला असताना १४३ लिहिले, की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो.

कलम ५ खाली अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. म्हणून दाव्यात अडवणुकीची तारीख हवीच. ‘गेल्या काही दिवसांपासून’ असे लिहिलेले दावे मुदतीच्या मुद्द्यावर पडतात. वादी-प्रतिवादींची पूर्ण नावे, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, रस्ता कोणत्या गट नंबरांतून कसा जातो, अडथळा नेमका कुठे आणि कशाचा, कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी, एवढे दाव्यातच द्या. गटाचा नकाशा आणि ज्या ज्या गटातून रस्ता जातो त्या सर्वांचे सातबारे जोडा. एक खातेदार जरी पक्षकार करायचा राहिला, तरी निकाल त्याला बांधत नाही आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा काटे लावू शकतो. तहसीलदार स्थळपाहणीला येतात तेव्हा स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यात काय लिहिले ते वाचूनच सही करा.

या निकालावर अपील नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निकाल पुन्हा तपासून पाहण्याचा अर्ज, करता येतो. जिल्हाधिकारी हे काम प्रांतांकडेही सोपवू शकतात. रस्त्याच्या हक्काचा मूळ वाद दिवाणी कोर्टात नेण्याचा मार्ग खुला असतोच. कलम १४३ च्या निकालाविरुद्ध मात्र निकालापासून एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, आणि तो लावला की महसुलातले अपील-पुनरीक्षण बंद होते. म्हणून आधी कुठे जायचे ते वकिलाला विचारून ठरवा, दोन्हीकडे एकदम धावू नका.

थोडक्यात दादा, त्या दिवशी समोर बसलेला माणूस न्यायाधीशाचे काम करत होता, पण न्यायखात्यातला नव्हता. १९५३ ची वाटणी फौजदारी खटल्यांपुरती होती. वावराच्या वादात ती दोन कामे आजही एकाच खुर्चीत आहेत.

प्रश्न (धुळे, स्पर्धा परीक्षा देणारी विद्यार्थिनी): ‘सत्तांचे विभाजन’ संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदात आहे? एका पुस्तकात ५० दिले आहे, एका नोट्समध्ये ‘नाही’ असे.

ताई, नोट्स बरोबर आहेत. त्या नावाचा अनुच्छेद नाही. तिन्ही सत्ता पूर्णपणे वेगळ्या असाव्यात असा अनुच्छेद घालण्याची दुरुस्ती प्रा. के. टी. शहा यांनी १० डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. ती नामंजूर झाली. मंत्री हेच कायदेमंडळाचे सभासद असणार, हे आपल्या पद्धतीत आधीच ठरले होते, मग पूर्ण विभाजन येणार कुठून? अनुच्छेद ५० फक्त न्यायव्यवस्था आणि कारभार यांच्यापुरता आहे आणि तो मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो, म्हणजे त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही. बाकीचे विभाजन सुट्या तुकड्यांत सापडते: १२१ आणि २११ (न्यायाधीशांच्या वर्तनावर सभागृहात चर्चा नाही), १२२ आणि २१२ (सभागृहाच्या कामकाजातल्या पद्धतीच्या चुकांवर कोर्टात तपास नाही).

पहिली काही वर्षे तर संसद आणि सर्वोच्च न्यायालय एकाच इमारतीत होते. सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन २८ जानेवारी १९५० रोजी झाले ते संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात, आणि १९५८ पर्यंत ते तिथेच भरत राहिले. शेजारच्या दालनात बसणारी हंगामी संसद म्हणजे तीच संविधान सभा. निवडून आलेली पहिली लोकसभा १३ मे १९५२ रोजी बसली.

प्रश्न (चोपडा): वडिलांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘कुळकायदा कलम ४३’ अशी नोंद आहे. गावातले जाणते सांगतात की कुळकायदा नवव्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कोणतेही कोर्ट त्याला हात लावू शकत नाही. मग आमची तहसीलदारांविरुद्धची तक्रार ऐकणार कोण?

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. आधी नववे परिशिष्ट कसे आले ते पाहू, कारण पहिल्या वर्षांतला सर्वांत मोठा झगडा तिथेच झाला.

२६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. मद्रास सरकारने ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर घातलेली बंदी आणि दिल्लीत ‘ऑर्गनायझर’वर लादलेली छपाईपूर्व तपासणी, दोन्ही रद्द झाल्या. १२ मार्च १९५१ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी नष्ट करणारा कायदा रद्द केला, कारण लहान आणि मोठ्या जमीनदारांना भरपाईचे दर वेगळे होते आणि ते समानतेच्या हक्कात बसत नाही, असे कोर्टाचे म्हणणे. ९ एप्रिल १९५१ रोजी मद्रासमधल्या महाविद्यालयीन प्रवेशांचा जातवार वाटा ठरवणारा आदेशही सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. नेहरूंच्या सरकारला वाटले की जमीन सुधारणांचे सगळे कायदे एकेक करून कोर्टात अडकणार. १२ मे रोजी घटनादुरुस्तीचे विधेयक आले आणि १८ जून १९५१ रोजी पहिली दुरुस्ती अमलातही आली. तिने जमीन सुधारणांच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आक्षेपापासून वाचवणारे अनुच्छेद ३१-अ आणि ३१-ब घातले आणि असे वाचवायच्या कायद्यांची यादी म्हणून नववे परिशिष्ट जोडले. त्यात तेरा कायदे होते. पहिला बिहारचा, दुसरा १९४८ चा मुंबईचा कुळकायदा. मुंबई परगणा व कुलकर्णी वतन रद्द करणारा १९५० चा कायदाही त्याच यादीत आहे. खानदेशातल्या अनेक घरांच्या जुन्या कागदांत हे दोन्ही सापडतील.

ज्या संसदेने ही दुरुस्ती केली ती अजून निवडून आलेली नव्हती, यावर तेव्हाच आक्षेप घेतला गेला. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी शंकरी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. आमच्या मते त्या वर्षी कायदेमंडळाने कोर्टाला वळसा घातला हे खरे आहे, पण कसणाऱ्याच्या हातात जमीन यायला तो वळसा आवश्यक होता, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एकाच वेळी मान्य करावे लागते.

आता तुमचा मुद्दा. परिशिष्टाचे संरक्षण कायद्याच्या वैधतेला आहे, त्या कायद्याखाली निघालेल्या आदेशाला नाही. शिवाय संरक्षण १९५१ मध्ये होता तेवढ्याच कायद्याला मिळाले. कूळ जमिनीचा मालक मानला गेला तो १ एप्रिल १९५७ चा ‘कृषकदिन’ ज्या १९५६ च्या दुरुस्तीने आणला, ती परिशिष्टात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ती टिकवली ती अनुच्छेद ३१-अ च्या आधारावर. पुढे २००७ च्या कोएल्हो निकालाने २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत संरचनेच्या, म्हणजे दुरुस्तीनेही बदलता न येणाऱ्या संविधानाच्या गाभ्याच्या, कसोटीवर तपासता येतात, असेही स्पष्ट झाले.

कुळकायद्याखालच्या आदेशाची वाट अशी: तहसीलदारांच्या आदेशावर कलम ७४ खाली अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यावर कलम ७६ खाली पुनरीक्षण महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे, आणि शेवटी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेख ठेवण्याच्या त्याच्या अधिकाराखाली. अपील आणि पुनरीक्षण दोन्हींची मुदत ६० दिवस. दिवाणी कोर्टात थेट जाऊ नका. कलम ८५ ने ते दार बंद केले आहे. दिवाणी दाव्यात कूळ आहे की नाही असा प्रश्न निघाला, तरी कलम ८५-अ खाली कोर्ट तो तहसीलदारांकडेच पाठवते. तुमच्या नोंदीचा अर्थ एवढाच की कुळाने कायद्याने विकत घेतलेली ही जमीन परवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा वाटून घेता येत नसे; खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल केली आहे. नोंद चुकीची वाटत असेल तर आधी ज्या फेरफाराने ती आली त्याचा नंबर काढा आणि फेरफाराची नक्कल घ्या. तो नंबर सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात असतो.

प्रश्न (शिरपूर, माध्यमिक शिक्षक): जीआर म्हणजे कायदा का? आमच्या संस्थेत प्रत्येक वादात एक नवा जीआर पुढे केला जातो.

सर, जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, शेवटी सहीच्या वर एक ओळ असते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.’ ती अनुच्छेद १६६ मधून आली आहे. सरकारची प्रत्येक कारवाई राज्यपालांच्या नावाने व्हावी, असे तो अनुच्छेद सांगतो. म्हणजे ती ओळ कारभाराची खूण आहे, कायदेमंडळाची नाही.

कायदेमंडळाने कायदा करायचा आणि बारकावे सरकारवर सोडायचे, हे चालते. किती सोडायचे, यावर १९५१ मध्ये राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाला सल्ला विचारला. हा त्या अनुच्छेदाखालचा पहिलाच संदर्भ, दिल्ली कायद्यांचा. २३ मे १९५१ रोजी सात न्यायाधीशांनी सात वेगवेगळी मते लिहिली. त्या सगळ्यातून जे हाती आले ते असे: धोरण ठरवण्याचे मूळ काम कायदेमंडळाने दुसऱ्याला देऊन टाकायचे नाही, त्या चौकटीतले तपशील भरण्याचे काम देता येते.

म्हणून जीआर हातात आला की आधी तीन गोष्टी बघा. वरच्या ‘संदर्भ’ भागात कोणत्या अधिनियमाचे किंवा नियमाचे कलम दिले आहे? कलमच नसेल, फक्त मागचे जीआर आणि पत्रे असतील, तर ती प्रशासकीय सूचना आहे. दुसरे, त्यात अधिनियमात किंवा नियमात जे आहे त्याच्या उलट काही आहे का? असेल तर अधिनियम आणि नियम वरचढ. रिकामी जागा सूचना भरू शकते, भरलेली जागा खोडू शकत नाही. तिसरे, तो मागच्या तारखेपासून कोणाचा हक्क काढून घेतो का? शाळांत बहुतेक वाद खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या अधिनियमाचे आणि १९८१ च्या नियमावलीचे असतात. जीआरशी वाद घालण्याआधी नियमावलीतला तो नियम उघडा. संकेतस्थळावरची प्रत असेल तर जीआरचा संकेतांक टिपून ठेवा, नंतर सुधारित प्रत आली की जुनी शोधायला तोच लागतो.

वटहुकमाचा प्रकार याहून वेगळा आहे. त्याला कायद्याचेच बळ असते, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला लिहून कळवले होते की वटहुकमाची सवय लोकशाहीला धरून नाही. सत्ताधारी पक्षाच्याच माणसाने सभागृहाच्या बाजूने असे ठामपणे लिहावे, हे त्या काळाचे मोठेपण आम्हाला वाटते.

प्रश्न (जळगाव, विधी शाखेचा विद्यार्थी): राम जवाया कपूर खटला वाचायला सांगितला आहे. पाठ्यपुस्तकांच्या धंद्याचा आणि सत्ता विभाजनाचा काय संबंध?

पंजाब सरकारने शाळेची पाठ्यपुस्तके स्वतः छापून विकायचे ठरवले. खासगी प्रकाशक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, कायदा न करता निव्वळ हुकूम काढून सरकारला धंदा करता येणार नाही. १२ एप्रिल १९५५ रोजी सरन्यायाधीश बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालात हे म्हणणे फेटाळले गेले. आपल्या संविधानाने विभाजन अगदी कडक स्वरूपात मानलेले नाही, पण तिन्ही अंगांची कामे पुरेशी वेगळी केली आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे मूळ काम बळकावू नये, असे कोर्टाने सांगितले. सरकार कायद्याशिवाय धंदा करू शकते, पण पैसा विधानसभेने मंजूर केलेला असला पाहिजे आणि कोणाच्या हक्कावर गदा येता कामा नये. गदा येत असेल तर कायदा लागतोच. परीक्षेत या दोन अटी लिहायला मुले विसरतात आणि गुण तिथेच जातात.

याच निकालात राष्ट्रपती हा घटनात्मक प्रमुख आणि खरी सत्ता मंत्रिमंडळाची, हेही स्पष्ट आहे. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलावरून डॉ. राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवले होते की या विधेयकावर आपण स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा सल्ला घेतला. दोघांचे मत एकच पडले, राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे. हे संविधानात स्पष्ट शब्दांत आले ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने, आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने दिली.

प्रश्न (अमळनेर): अमेरिकेत तर तिन्ही सत्ता सुरुवातीपासून पक्क्या वेगळ्या होत्या म्हणतात. खरे का?

कागदावर आपल्यापेक्षा पक्क्या, व्यवहारात सुरुवातीला बऱ्याच सैल. २२ ऑगस्ट १७८९ रोजी अध्यक्ष वॉशिंग्टन एका तहाबद्दल सल्ला घ्यायला स्वतः सेनेटच्या सभागृहात गेले. सेनेटने प्रश्न समितीकडे पाठवायचा विचार सुरू केला आणि ते नाराज झाले. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन त्यांनी काम उरकले, पण त्यानंतर अशा सल्ल्यासाठी ते गेले नाहीत. तेव्हापासून तह आधी कारभाराने करायचा आणि मग सेनेटपुढे ठेवायचा, हा रिवाज पडला.

पहिले सरन्यायाधीश जॉन जे १७९० पर्यंत परराष्ट्र खात्याचे कामही बघत होते आणि १७९४ मध्ये सरन्यायाधीशपदावर असतानाच इंग्लंडशी तह करायला गेले. पण १७९३ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने युद्धातल्या तटस्थतेवर न्यायाधीशांना प्रश्न पाठवले, तेव्हा त्यांनी सल्ला द्यायला नकार दिला. वाद घेऊन पक्षकार आले तरच बोलू, ही त्यांची भूमिका. आपल्या अनुच्छेद १४३ च्या नेमके उलट. त्याआधी १७९२ मध्ये जखमी सैनिकांच्या पेन्शनचे काम न्यायाधीशांवर टाकणारा कायदा आला होता. त्यात न्यायाधीशांचा निर्णय युद्धमंत्री फिरवू शकत होता. बऱ्याच न्यायाधीशांनी कोर्ट म्हणून ते काम करायला नकार दिला, कारण मंत्र्याने फिरवता येईल तो निर्णय न्यायनिर्णय नव्हेच. पारोळ्याच्या दादांचे पुनरीक्षण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, ते या मापाने मोजून पाहावे.

१८०३ चा मारबरी खटला सर्वांना ठाऊक आहे. त्यातली एक बाब अभ्यासक्रमात सुटते. मारबरी या नव्या न्यायाधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या पत्रावर शिक्का मारून झाला होता, फक्त ते पोहोचते करायचे राहिले होते, आणि तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेले जॉन मार्शलच पुढे सरन्यायाधीश म्हणून त्या खटल्याचा निकाल देत होते. संसदेचा कायदा संविधानाविरुद्ध असेल तर कोर्ट तो लागू करणार नाही, हे तत्त्व तिथे ठरले. आपल्याकडे ते अनुच्छेद १३ मध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे.

प्रश्न (धडगाव): राज्यपाल स्वतः कायदा करू शकतात का? आमच्याकडे ग्रामसभेच्या बैठकीत असे सांगितले गेले.

होय, आणि हा अपवाद नेमका तुमच्या भागासाठी आहे. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे, विधानसभेचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही किंवा बदलून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. त्याच परिच्छेदाच्या दुसऱ्या भागाखाली ते विनियमही करू शकतात, म्हणजे आदिवासींच्या जमिनीची खरेदी-विक्री, वाटप, सावकारी अशा विषयांवर प्रत्यक्ष कायदा. त्यासाठी जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो आणि राष्ट्रपतींची मान्यता मिळेपर्यंत विनियम अमलात येत नाही. काठीसारख्या पश्चिम खानदेशातल्या मेवासी जहागिऱ्यांचे मालकीहक्क १९६१ च्या अशाच विनियमाने संपले. ग्रामसभेत कोणी अशा नियमाचा दाखला दिला तर राजपत्राची तारीख आणि तो अधिसूचना आहे की विनियम, एवढे विचारून घ्या.

प्रश्न (भुसावळ): विधानसभा पत्रकाराला तुरुंगात टाकू शकते का?

हक्कभंगाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार सभागृहाला आहे, पण तो मनमानी नाही. मार्च १९५२ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेच्या सभापतींच्या वॉरंटवर मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना मुंबईत पकडून लखनौला नेले. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले नाही, एवढ्या एका मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. १९६४ मध्ये याच विधानसभेने उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनाच पकडून आणण्याचा ठराव केला. तेव्हा प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांपुढे आले आणि सभागृहाच्या वॉरंटची तपासणी कोर्ट करू शकते, असे मत बहुमताने दिले गेले.

प्रश्न (शहादा): भाऊबंदकीच्या भांडणात माझ्यावर ‘चॅप्टर केस’ झाली. पोलीस भरतीत अडचण येईल का? ही शिक्षा धरतात का?

भाऊ, ही शिक्षा नाही. १९५३ च्या वाटणीत शांतता राखण्याचे जे काम महसुली अधिकाऱ्यांकडे राहिले, त्यातलेच हे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६. तहसीलदार किंवा पोलीस खात्यातले विशेष कार्यकारी दंडाधिकारी तुमच्याकडून जास्तीत जास्त एक वर्षासाठी शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतात. गुन्हा सिद्ध झाला असे यात ठरत नाही.

नोटीस हातात आली की ती पुढून मागून वाचा. कलम १३० प्रमाणे तिच्यात मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या असावी लागते. बहुतेक नोटिसा छापील नमुन्यावर फक्त नाव भरून निघतात. अशी असेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत द्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही, तर खास कारण लिहून मुदत वाढवल्याशिवाय ती आपोआप संपते. म्हणून प्रत्येक तारखेची रोजनाम्याची नक्कल ठेवा. बंधपत्राचा आदेश झालाच तर त्यावर सत्र न्यायालयात जाता येते.

भरतीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी बंधपत्रावर बांधून घेतले होते का’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहू नका. चॅप्टर केसपेक्षा ती लपवल्याने उमेदवारी जास्त वेळा जाते. किरकोळ प्रकरण खरे सांगितले असेल तर ते तपासून निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. प्रकरण क्रमांक, कलम, कचेरीचे नाव आणि निकालाची तारीख लिहा, आणि निकालाची प्रमाणित नक्कल सोबत जोडा. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.